रोज एक टॅरो कार्ड: ७८ पत्ते शिकतात कसे आणि त्यात वहीचं काम काय?

रील सरकवताना मध्येच पत्त्यांचे तीन ढीग दिसतात. 'एक ढीग निवडा, हा मेसेज तुमच्यासाठीच आहे,' असं खाली लिहिलेलं असतं. पुढच्या चाळीस सेकंदांत कुणीतरी दूर गेलेलं परत येणार असतं, अडकलेले पैसे सुटणार असतात आणि जवळच्याच एकाच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं. टॅरोशी पहिली ओळख आता बहुतेकांची अशीच होते. त्यातले काही जण उत्साहानं ऑनलाइन संच मागवतात, खोका उघडतात, ७८ पत्ते आणि सोबतची बारीक अक्षरांतली पुस्तिका चाळतात. आठवड्याभरात तो खोका कपाटात जातो.

ज्यांचा खोका कपाटात जात नाही, ते बहुतेक वेळा एक साधी गोष्ट करत असतात. रोज एकच पत्ता काढतात आणि त्याबद्दल चार ओळी लिहून ठेवतात. इंग्रजीत याला 'डेली ड्रॉ' म्हणतात. टॅरो शिकवणाऱ्या पुस्तकांत नवख्यांना सुचवली जाणारी ही अगदी सुरुवातीची सवय. ती दिसते सोपी, पण तिच्यातला महत्त्वाचा अर्धा भाग बरेच जण गाळतात. पत्ता काढतात, फोटो काढून स्टोरीला टाकतात, वही मात्र कोरी राहते.

टॅरो म्हणजे मुळात काय?

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. १४४० च्या आसपास उत्तर इटलीत हे पत्ते वापरात असल्याच्या नोंदी आहेत. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या सत्ताधारी घराण्यांसाठी हातानं रंगवलेले, सोन्याचा वर्ख लावलेले पत्ते आजही संग्रहालयांत जपलेले आहेत. खेळाची रीत मेंढीकोट खेळणाऱ्याला लगेच कळेल. पान टाकायचं, मोठ्या पानानं हात करायचा, जमलं तर हुकमानं मारायचं. फरक इतकाच, की मेंढीकोटात हुकूम डावागणिक ठरतो. या इटालियन खेळात, म्हणजे तारोक्कीत, नेहमीच्या चार प्रकारांच्या पानांशिवाय आणखी २१ पानं होती आणि ती कायमची हुकमाची होती. प्रत्येकावर वेगळं चित्र: सम्राट, प्रेमी, नशिबाचं चाक, मृत्यू, चंद्र, सूर्य. त्यांच्या जोडीला एक वेड्याचं पान.

या २२ पानांना आज 'मेजर अर्काना' असं भारदस्त नाव आहे. उरलेली ५६ पानं म्हणजे 'मायनर अर्काना'. त्यांचे चार प्रकार: वाँड्स म्हणजे काठ्या, कप्स म्हणजे पेले, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. प्रत्येक प्रकारात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि वर पेज, नाइट, राणी, राजा अशी चार चित्रपानं. आपल्या नेहमीच्या कॅटमध्ये चित्रपानं तीन असतात, इथे एक जास्त. फ्रान्स आणि ऑस्ट्रियामध्ये हा खेळ आजही पैजा लावून, हसतखेळत खेळला जातो. तिथे पत्ते वाटले जातात तेव्हा कुणी भविष्य विचारत नाही.

महाराष्ट्राला याचं फार आश्चर्य वाटायला नको. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवल्या जातात. गोल, लाखेच्या रंगांतल्या, दशावतारांच्या. दशावतारी संचात १२० पानं असतात. त्यांच्यावर देव आहेत, तरी तो खेळच.

मग भविष्य कुठून आलं? १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं लिहिलं, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी चित्रांत लपवून ठेवलेलं ज्ञान आहे. पुरावा काहीच नव्हता. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी युरोपात कुणाला वाचताच येत नव्हती. शाँपोलियॉननं ती उलगडली १८२२ मध्ये. पण कल्पना मोहक होती. चार वर्षांत, १७८५ मध्ये, एतेया या टोपणनावानं लिहिणाऱ्या पॅरिसच्या एका गृहस्थानं टॅरोवरून भविष्य कसं पाहायचं याचं पुस्तक काढलं, आणि पुढे खास त्याच कामासाठी पत्त्यांचा संचही छापला. आज 'हजारो वर्षांची प्राचीन विद्या' म्हणून जे विकलं जातं, त्याची मुळं मुख्यतः या काळात आहेत. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० मध्ये 'द गेम ऑफ टॅरो' या जाडजूड ग्रंथात हा खेळाचा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला.

एका चित्रकर्तीमुळे सोपं झालेलं काम

रोज एक पत्ता काढून त्यावर विचार करायचा, तर पत्त्यावर विचार करण्यासारखं काही हवं. जुन्या युरोपीय संचांत मायनर अर्कानाच्या साध्या पानांवर बहुधा तेवढी चिन्हं असत. पेल्यांची पंजी म्हणजे पाच पेले, बस. बदामाची पंजी समोर ठेवून रोजनिशी लिहायला बसलं तर जे होईल, तेच तिथेही झालं असतं.

हे बदललं १९०९ मध्ये. लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांनी नवा संच करायचं ठरवलं आणि चित्रं काढायला पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीला सांगितलं. तिनं काही महिन्यांत सगळी चित्रं काढली आणि ५६ मायनर पानांपैकी बहुतेक पानांवर माणसांचा एक प्रसंग उभा केला. अशी कल्पना पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सोला बुस्का नावाच्या इटालियन संचात दिसते. त्याची छायाचित्रं तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये होती आणि पामेलाच्या काही पानांवर त्यांची छाप स्पष्ट आहे. पण सगळ्या जगाच्या हातात पोहोचला तो तिचा संच. आज मोबाइलच्या ॲपमध्ये, रीलमध्ये, दुकानातल्या स्वस्त खोक्यात दिसणारी बहुतेक टॅरोचित्रं एकतर तिची किंवा तिच्यावरून काढलेली असतात.

तिला यातून फारसं काही मिळालं नाही. हे काम संपल्यावर तिनं न्यूयॉर्कच्या एका परिचिताला पत्रात कळवलं होतं, की काम मोठं होतं आणि पैसे फार थोडे. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. संच कित्येक दशकं 'रायडर-वेट' या नावानं ओळखला गेला, म्हणजे प्रकाशक आणि लेखक. स्मिथ हे नाव त्याला जोडायची पद्धत अलीकडची. पत्त्याच्या कोपऱ्यात मात्र तिची वळणदार सही आहेच, बारीक पाहिलं तर दिसते.

शिकायला हाच संच घ्यावा. मोबाइलच्या पडद्यावर सुंदर दिसणारे शेकडो नवे संच आहेत, पण पुस्तकं बहुतेक या चित्रांवर बेतलेली असतात. 'पहिला संच स्वतः विकत घ्यायचा नसतो, भेटच मिळावा लागतो', 'पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवावा लागतो' वगैरे नियमांना इतिहासात आधार नाही. ज्याला आवडतं त्यानं करावं.

रोजचा पत्ता काढायचा कसा?

वेळ शक्यतो एकच ठेवायची. सकाळी चहा होईपर्यंतची दहा मिनिटं पुरतात. टॅरोचे पत्ते आकारानं मोठे असतात, हातात मावत नाहीत आणि नीट पिसले जात नाहीत. त्यामुळे ते चादरीवर उपडे पसरून दोन्ही हातांनी सावकाश कालवणं सोपं. मग एक पत्ता उचलायचा आणि सुलटा करायचा. उलटा आलेला पत्ता वेगळ्या अर्थाचा धरण्याची एक पद्धत आहे, पण सुरुवातीला ती बाजूला ठेवलेली बरी. ७८ अर्थ आधीच पुष्कळ आहेत, त्यांचे १५६ कशाला करायचे?

यानंतर लगेच पुस्तिका उघडायची नाही. या पद्धतीतला सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत कामाचा नियम हाच. आधी दोन मिनिटं फक्त चित्र पाहायचं आणि जे दिसतं ते लिहायचं. अर्थ लिहायचा नाही, दिसतं ते.

समजा फाइव्ह ऑफ कप्स आला. काळा झगा पांघरलेली एक व्यक्ती मान खाली घालून उभी आहे. समोर तीन पेले सांडलेत. घाईत पाहणारा इथेच थांबतो आणि 'दुःख' असं लिहून मोकळा होतो. थोडं थांबणाऱ्याला पाठीमागे दोन पेले उभे दिसतात, ज्यांच्याकडे त्या व्यक्तीची पाठ आहे. आणखी थोडं थांबलं की नदी दिसते, नदीवरचा पूल दिसतो, पलीकडे एक वास्तू दिसते. पुस्तिकेतले 'नुकसान, शोक, उरलेल्याकडे दुर्लक्ष' हे शब्द यानंतर वाचले की ते पाठ करावे लागत नाहीत, कारण ते आधीच पाहून झालेले असतात. अशा प्रकारे ओळखलेला पत्ता सहा महिन्यांनीही विसरत नाही.

तिसरी पायरी प्रश्नाची. 'आज काय होणार?' हा प्रश्न पत्त्याला विचारून उपयोग नाही, कारण त्याचं उत्तर संध्याकाळी आपोआप मिळतं. विचारायचा प्रश्न स्वतःबद्दलचा असावा आणि त्याचं उत्तर हो-नाही असं नसावं. 'माझ्या कोणत्या दोन पेल्यांकडे माझी पाठ आहे?' असा. अमेरिकी लेखिका मेरी ग्रीअर यांचं 'टॅरो फॉर युअर सेल्फ' हे पुस्तक १९८४ मध्ये आलं, तेव्हा स्वतःचे पत्ते स्वतः पाहू नयेत असं मानणारे पुष्कळ होते. ग्रीअर यांनी उलट दिशेनं जाऊन वाचकाला लिहायला लावणारी वहीच जणू छापली. जोन बनिंग यांचं 'लर्निंग द टॅरो' १९९८ मध्ये आलं. त्याआधी काही वर्षं तेच धडे इंटरनेटवर फुकट होते. रोजच्या पत्त्याची सवय घराघरांत पोहोचली ती अशा पुस्तकांमुळे.

आणि शेवटी संध्याकाळची ओळ. झोपण्यापूर्वी सकाळचं लिहिलेलं वाचायचं आणि खाली एक-दोन वाक्यं: दिवसभरात हे चित्र कुठे आठवलं? आठवलंच नसेल तर तसं लिहायचं. 'काही संबंध लागला नाही' ही नोंदसुद्धा नोंदच असते, आणि पुढे तीच फार उपयोगी पडते.

एक सकाळ, उदाहरणादाखल

समजा, पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा आहे. चौथं वर्ष. पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य परीक्षेत अडकला. घरून दर महिन्याला पैसे येतात आणि ते आल्याचं फोनवर सांगताना त्याचा आवाज खाली जातो. एका सकाळी तो पत्ता काढतो. एट ऑफ कप्स.

चित्रात रात्र आहे. पुढच्या बाजूला आठ पेले नीट रचून ठेवलेत, आणि लाल झग्यातला एक माणूस हातात काठी घेऊन त्यांच्याकडे पाठ फिरवून डोंगराच्या दिशेनं निघालाय. वरून चंद्र बघतोय. पुस्तिकेत अर्थ दिलेला असतो: सोडून जाणं, मागे टाकणं.

रीलमधली टॅरोवाली इथे काय सांगेल, हे उघड आहे. 'युनिव्हर्स सांगतंय, सोड आता.' आणि चार वर्षं दमलेल्या मुलाला ते ऐकायचंही असू शकतं. किंवा अजिबात ऐकायचं नसेल, मग तो लगेच दुसरा पत्ता काढेल. समजा तो दुसरा पत्ता एट ऑफ पेंटॅकल्स आला. त्यात बाकावर बसलेला कारागीर मान मोडून एकामागून एक नाणं कोरतोय. आता तेच युनिव्हर्स म्हणतंय, 'मेहनत करत राहा.' दोन्ही पत्ते येण्याची शक्यता सारखीच, ७८ मध्ये एक. मुलगा तोच, परिस्थिती तीच, बदलली ती फक्त पत्ते पिसण्याची रीत. आयुष्याची चार वर्षं त्यावर ठरणार असतील तर ते भयंकर आहे.

वही असली की गोष्ट वेगळी होते. तो आधी दिसतं ते लिहितो. पेले फुटलेले नाहीत. सांडलेलेही नाहीत. वरच्या रांगेत एका पेल्याची जागा रिकामी दिसते. माणसाचा चेहरा दिसत नाही. मग प्रश्न: 'माझ्या आठ पेल्यांत काय आहे?' तो लिहायला लागतो. रोज सहाला उठायची सवय. अर्थशास्त्र, जे आधी कधीच कळलं नव्हतं. अभ्यासिकेतले दोन मित्र. पाचव्या-सहाव्या पेल्यानंतर पेन अडकतं. रिकाम्या जागेसमोर तो लिहितो: 'बाबांशी खरं बोलणं.'

संध्याकाळची ओळ अशी असू शकते: 'घरी फोन केला. परीक्षेबद्दल बोललो नाही. पैशांबद्दल बोललो. बाबा म्हणाले, दिवाळीला ये, मग बघू.'

पत्त्यानं इथे काहीच ठरवलं नाही. परीक्षा सोडायची की नाही हा प्रश्न तसाच आहे, पण तो कुणाशी बोलायचा हे त्याला सापडलं. एट ऑफ पेंटॅकल्स आला असता तरी तो कदाचित वेगळ्या रस्त्यानं त्याच फोनपर्यंत पोचला असता. स्वतःला तपासायला एक प्रश्न वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे: आज वेगळा पत्ता आला असता, तर मी वेगळं ठरवलं असतं का? उत्तर 'हो' असेल, तर तो निर्णय अजून झालेलाच नाही.

७८ पत्त्यांचं गणित

रोज एक पत्ता म्हणजे ७८ दिवसांत सगळे शिकून होतील, असा पुष्कळांचा समज असतो. काढलेला पत्ता रोज परत संचात मिसळला, तर तसं होत नाही. संभाव्यतेच्या हिशेबानं ७८ दिवसांनंतर सरासरी पन्नासच्या आत-बाहेर वेगळे पत्ते दिसलेले असतात. अठ्ठावीसएक पत्ते अजून तोंडही दाखवत नाहीत. सगळे ७८ किमान एकदा यायला सरासरी ३८५ दिवस लागतात. म्हणजे वर्षही पुरत नाही.

म्हणून शिकण्याच्या पहिल्या फेरीत आलेला पत्ता बाजूला ठेवून द्यावा. बरोबर ७८ दिवसांत संच संपतो. संकेतांवर विश्वास असणाऱ्यांना ही पद्धत रुचत नाही, कारण त्यांच्या मते जो पत्ता पुन्हा पुन्हा यायचा तो येऊ दिला पाहिजे. तर त्याचंही गणित पाहावं. पत्ता रोज परत मिसळला, तर एका आठवड्यात कुठला ना कुठला पत्ता दोनदा येण्याची शक्यता जवळपास चारात एक आहे. महिन्याभरात ती ९९ टक्क्यांच्या वर जाते. 'हा पत्ता माझा पाठलाग करतोय' असा अनुभव त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाला येतो, आणि तो न येणंच जास्त नवलाचं ठरेल. शिवाय काल वर ठेवलेला पत्ता आज नीट पिसला गेला नाही तर पुन्हा वरच येणार. साधा ५२ पानांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत सोडण्याच्या पद्धतीनं नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावा लागतो, असं १९९२ मध्ये बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं. सकाळच्या घाईत ७८ मोठे पत्ते दोनदा वरखाली करणं म्हणजे पिसणं नव्हे.

मृत्यूचा पत्ता आला तर?

येणारच. पत्ता रोज परत मिसळणाऱ्याला वर्षभरात डेथ किमान एकदा दिसण्याची शक्यता ९९ टक्के आहे. डेथ, टॉवर आणि टेन ऑफ स्वोर्ड्स या तीन धास्तीच्या पत्त्यांपैकी एखादा तर कोणत्याही आठवड्यात साधारण चारात एक या प्रमाणात येतो. म्हणजे घरात कुणी आजारी असताना, विमानाची तिकिटं काढलेली असताना, परीक्षेच्या सकाळीसुद्धा येऊ शकतो, आणि त्या दिवशी तो नुसता पत्ता वाटत नाही.

अशा वेळी चित्र पाहण्याची सवय कामी येते. पामेलाच्या चित्रात चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय. घोड्याखाली एक राजा पडलाय, समोर एक धर्मगुरू उभा आहे, एक लहान मूल गुडघ्यावर बसून न घाबरता वर बघतंय. पाठीमागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे. पुस्तकं याचा अर्थ शेवट आणि बदल असा सांगतात, शरीराचा मृत्यू असा सहसा सांगत नाहीत. पण ज्याला भीती वाटलीय त्याला अर्थ सांगून भीती जात नाही. वहीत तारीख घालून 'आज भीती वाटली, कारण...' एवढं लिहावं. कारण बहुतेक वेळा पत्त्याच्या आधीपासूनच तिथे असतं.

आणि याच जागी पैसे मागणारे उभे असतात, हेही ध्यानात ठेवावं. भीतीचा पत्ता दाखवून पुढे पूजा, खडा, 'एनर्जी क्लीन्सिंग' यांचा दर सांगितला जात असेल तर तिथे पत्त्यांचा संबंध संपलेला असतो.

मग पत्ता इतका लागू कसा पडतो?

रोज पत्ता काढणारे जवळपास सगळेच सांगतात, की तो दिवसाशी जुळतो. ते खोटं बोलत नसतात. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एक कागद दिला. किती लागू पडतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी निघाली ४.२६. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि तोही बराचसा स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. मोघम वाक्यात आपलं आयुष्य भरून ते पूर्ण करण्याची सवय माणसाच्या मनालाच आहे. पोपटवाल्याच्या चिठ्ठीपासून रीलपर्यंत सगळं तिच्यावर चालतं.

त्यात आठवणीची लबाडी मिसळते. टॉवर आला आणि त्या दिवशी बॉसशी भांडण झालं, हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. टॉवर आला आणि दुपारी झोप लागली, संध्याकाळी पाणीपुरी खाल्ली, हे कुणाच्याही लक्षात राहत नाही. वही ते लक्षात ठेवते. म्हणूनच 'काही संबंध लागला नाही' ही ओळ प्रामाणिकपणे लिहिणं गरजेचं. तीन महिन्यांनी पानं उलटून मोजलं, की किती दिवस जुळले, किती ओढूनताणून जुळवले आणि किती साफ चुकले, ते स्वतःच्या अक्षरात समोर येतं. टॅरोवर श्रद्धा असलेल्यानंही आणि नसलेल्यानंही हे करून पाहायला हरकत नाही.

मनातलं लिहिण्याचे फायदे वेगळे अभ्यासले गेले आहेत. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात तुलनेनं कमी वेळा गेले. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा सगळीकडे सारखा दिसलेला नाही. आणि त्या प्रयोगात पत्ते नव्हते, हेही खरं. रोजच्या पत्त्याचा उपयोग इतकाच, की कोऱ्या पानासमोर 'काय लिहू?' म्हणून बसून राहावं लागत नाही.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. तिथे विचारणाऱ्याला उजवा-डावा असा निकाल हवा असतो आणि तो देव देतो अशी श्रद्धा असते. रोजचा पत्ता कौलासारखा वापरायला गेलं की घोटाळा होतो, कारण इथे निकाल देणारं कुणी नाही. ज्याला निकाल हवाय तो नको तो पत्ता आला की दुसरा काढतो, मग 'स्पष्टतेसाठी' तिसरा. दिवसाला एकच पत्ता हा नियम त्यासाठीच.

कोणते प्रश्न पत्त्यांसमोर ठेवायचेच नाहीत?

छातीत दुखतंय, गाठ लागतेय, पाळी चुकलीय: हे डॉक्टरचे प्रश्न. कर्ज घ्यावं का, शेअर विकावा का, याला कागद आणि आकडेमोड लागते. 'त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे?' हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न वहीपुरता तरी बदलून घ्यावा, कारण त्याचं उत्तर ज्याच्या मनात आहे तो संचात नाही. 'मला त्याला काय विचारायचंय आणि मी ते का विचारत नाही?' असं लिहिलं की पुढे काहीतरी सुचतं.

रोज काढलेला प्रत्येक पत्ता काळाच दिसू लागला, झोप उडाली, पत्ता काढल्याशिवाय घराबाहेर पडवेना, तर संच काही दिवस कपाटात ठेवून कुणाशी तरी बोलावं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे; तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

बाकी सामानाचा खर्च थोडा. पामेला स्मिथ १९५१ मध्ये वारल्या आणि भारतात कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, त्यामुळे १९०९ ची मूळ चित्रं आता छापायला मोकळी आहेत. वही शंभर पानी घ्यावी. रोज एक पान धरलं तर पहिली फेरी ७८ पानांवर संपते आणि २२ पानं उरतात. उरलेल्या पानांवर मेजर अर्कानाची २२ पानं क्रमानं, वेड्यापासून सुरुवात करून, दुसऱ्यांदा पाहावीत आणि लिहून झाल्यावर मगच पहिल्या फेरीतली त्याच पत्त्याची नोंद उघडावी.